जर्मनच्या वर्गात फळांची नावं मी सगळ्यात शेवटी घेते

लातूरला जर्मन शिकवते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, शिकायला येतं कोण? येतात हो, लई येतात. नर्सिंग झालेल्या मुली येतात, आयटीआय केलेली पोरं येतात, एखादा इंजिनिअर असतो ज्याला मास्टर्सला जायचंय. २०२४ मध्ये राज्य सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला तेव्हापासून तर औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर, कुठून कुठून फोन येतात आणि प्रत्येक फोनवर पहिला प्रश्न फी किती आणि दुसरा प्रश्न, मॅडम एकूण शब्द किती पाठ करावे लागतील?

या दुसऱ्या प्रश्नावर आज लिहायचंय.

कारण होतं काय, बरीचशी पोरं माझ्याकडे यायच्या आधी यूट्यूबवरून किंवा कुठल्यातरी ॲपवरून स्वतःच सुरुवात करून आलेली असतात आणि त्यांच्या वह्या बघितल्या तर एकदम सुंदर, दोन रंगांचे पेन, पान आखलेलं, पहिल्या पानावर फळं, दुसऱ्यावर भाज्या, मग रंग, मग प्राणी, मग शरीराचे अवयव. फुलपाखराला श्मेटरलिंग म्हणतात हे पाठ असतं. अननसाला आनानास म्हणतात हे पाठ असतं (हे एक फळ तसं फुकटातच आहे म्हणा). आणि म्हटलं की बरं, आता मला सांग, मला पाणी पाहिजे, तर गप्प. वासर म्हणजे पाणी हे येतं पण पाहिजे येत नाही. माझ्याकडे वेळ नाही, येत नाही. संडास कुठंय, येत नाही. जर्मनीत उतरल्यावर पहिल्या तासात फुलपाखरू लागणार आहे की संडास लागणार आहे, तुम्हीच सांगा.

यात पोरांचा दोष नाही. आपल्याला लहानपणी इंग्रजी असंच शिकवलं. भिंतीवर तक्ता, तक्त्यावर सफरचंद. चित्र काढता येतं असे शब्द आधी, चित्र काढता येत नाही असे शब्द कधी तरी नंतर. आणि गंमत अशी की कुठल्याही भाषेत सगळ्यात जास्त वापरले जाणारे शब्द असतात ना त्यातल्या बहुतेकांचं चित्र काढताच येत नाही. "आहे"चं चित्र काढून दाखवा बरं.

म्हणून नवीन बॅचला पहिल्या दिवशी मी जर्मन शिकवतच नाही, मराठी पेपर वाटते. कालचा, परवाचा, जो घरी पडला असेल तो. एक बातमी घ्यायची, समजा सोयाबीनच्या हमीभावाची, आणि त्यात आहे, नाही, आणि, या, ते, हे, केला, होता, झाली, असे बारके शब्द पेन्सिलनं खोडायचे. खोडून झालं की बातमीला अक्षरशः भोकं पडलेली असतात, पान निम्मं काळं. मग शेजारच्याशी बातमी बदलायची, त्याच्याकडे अपघाताची असेल किंवा क्रिकेटची, तिच्यातही तेच शब्द खोडलेले. पण उरलेले शब्द बघा, सोयाबीन, हमीभाव, बाजार समिती, आवक, यातला एकही क्रिकेटच्या बातमीत नाही. पोरांना इथं बरोबर कळतं. खोडलेले शब्द सगळीकडे लागतात पण त्यांच्यावरून बातमी कशाची आहे हे कळत नाही, उरलेले शब्द एकाच ठिकाणी लागतात पण बातमी त्यांच्यातच आहे. दोन्ही लागतात. फक्त आधी कोणते आणि नंतर कोणते, आणि कोणते किती वेळ घ्यायचे, सगळी भांडणं तिथं आहेत.

ही मोजामोज काही नवीन नाही. जर्मनीतच फ्रीडरिश विल्हेल्म केडिंग नावाच्या माणसानं शेकडो मदतनीस हाताशी घेऊन सुमारे १ कोटी १० लाख शब्दांचा मजकूर हातानं मोजून काढला आणि १८९७-९८ मध्ये त्याचा कोश छापला. कॉम्प्युटर नाही, कॅल्क्युलेटर नाही, कागदाच्या चिठ्ठ्या आणि माणसं. आणि कशासाठी, तर भाषा शिकवायला नाही, शॉर्टहँडसाठी, म्हणजे जे शब्द सारखे येतात त्यांना छोट्यात छोटी खूण देता यावी म्हणून. त्यातून जे निघालं ते आजही खरं आहे, शंभराच्या आतलेच शब्द घेतले तरी निम्मा मजकूर भरतो. पुढं अमेरिकेतल्या झिफनं याचा नियम मांडला की पहिल्या क्रमांकाचा शब्द दुसऱ्याच्या साधारण दुप्पट वेळा येतो, तिसऱ्याच्या तिप्पट, असं करत करत शेवटी लाखो शब्द असे की जे एकेकदाच येतात.

इंग्रजीसाठी हेच काम ज्यानं पुढं नेलं तो मायकल वेस्ट तर आपल्याच उपखंडात होता, ढाक्याला, शिक्षकांच्या ट्रेनिंग कॉलेजचा प्रिन्सिपल. १९२० च्या दशकात बंगालमधली पोरं इंग्रजी शिकता शिकता अर्ध्यात शाळा सोडतात आणि तोवर जे शिकलेत त्याचा त्यांना काहीच उपयोग होत नाही, हे बघून त्यानं वाचनाची पुस्तकं मोजक्या शब्दांत लिहायला घेतली. १९५३ ला त्याची साधारण २००० शब्दांची यादी आली, ती पुढं कितीतरी वर्षं जगभर इंग्रजी शिकवायला वापरली गेली. मला हा माणूस आवडतो तो एवढ्यासाठी की त्यानं प्रश्न नेमका विचारला, पोरगं उद्या शाळा सोडून गेलं तर आजपर्यंत शिकलेल्यातलं त्याच्या हातात काय राहील?

आता इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग सोपंय की, जर्मनमधले पहिले १०० शब्द काढा आणि पाठ करा. नाही ना जमत! कारण जर्मनच्या यादीत वर काय आहे, डेअर, डी, उंट, इन, त्सू. म्हणजे "तो, ती, आणि, मध्ये, कडे" यावर तुम्ही काय बोलणार? एक वाक्य होत नाही. यादी मजकूर मोजून केलेली असते, शिकणाऱ्याचं तोंड बघून नाही. म्हणून मी यादीतून वरून खाली जात नाही, यादीतली क्रियापदं आधी उचलते, तीही मोजकीच. आहे. माझ्याकडे आहे. पाहिजे. जातो. येतो. आवडतं. इथं अमुक मिळतं किंवा असतं. येतं, म्हणजे करता येतं या अर्थानं. आणि त्याला जोडून नाही, कुठं, काय, कोण. झालं, पहिले दोन-तीन आठवडे एवढ्यावरच.

हे मी ट्रेनिंगमध्ये नंतर शिकले, पण बघितलं होतं त्याच्या आधी, देवणीला. देवणी तालुका कर्नाटकच्या हद्दीवर, तिथली जनावरं प्रसिद्ध, देवणी म्हणूनच जात ओळखली जाते. आमच्या नात्यातले एक मामा जनावरांचा व्यवहार करायचे, बीदरकडच्या बाजारांना सारखं जाणं-येणं. शाळा चौथीपर्यंत. कन्नड वाचता येत नव्हतं, लिहिता येत नव्हतं, पण बाजारात माणूस अडायचा नाही. एकदा त्यांना विचारलं मामा तुम्हाला कन्नड येतं किती, तर बोटं मोडत सांगितलं, बेकु म्हणजे पाहिजे, बेडा म्हणजे नको, एष्टु म्हणजे केवढ्याला, इल्ला म्हणजे नाही, कोडु म्हणजे दे, बा म्हणजे ये, होगु म्हणजे जा. "बास, येवढ्यावर बैल येतंय घरी." बैलाला कन्नडमध्ये काय म्हणतात हे त्यांनी सांगितलंच नाही, आणि सांगायची गरजच काय, बैल समोर उभा होता! बोट दाखवायचं. बोट दाखवता येत नाही ते शब्द त्यांनी शिकून घेतले होते, बोट दाखवता येतं ते बोटावर सोडले होते. आपल्या शाळेनं बरोब्बर उलटं केलं.

(आमच्याकडची जुनी माणसं निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकली, १९४८ पर्यंत कारभारच उर्दूत होता, त्यांच्या गोष्टी काढल्या तर वेगळी पोस्ट होईल. असो.)

अमेरिकेत कॅलिफोर्नियात ब्लेन रे म्हणून स्पॅनिशचे शिक्षक होते त्यांनी गोष्टीतून शिकवायची एक पद्धत काढली, ती पुढं बऱ्याच देशांत पसरली. तिच्यात हेच आहे, थोडी क्रियापदं, त्यांची एक येडीबागडी गोष्ट, आणि गोष्ट शिक्षकानं सांगायची नाही, विचारायची. मी तिचं लातुरीकरण केलंय. आमची सगळ्यात हिट गोष्ट अशी आहे. एस गिब्ट आइन मेडशेन, म्हणजे एक मुलगी आहे. दास मेडशेन हाट हुंगर, मुलीला भूक लागलीय. दास मेडशेन म्योश्टं निलंगा राइस. तिला निलंगा राइस पाहिजे. पण ती आहे कुठं, श्टुटगार्टला. श्टुटगार्टला निलंगा राइस काही मिळत नाही, मग ती जाते म्युन्शेनला, म्हणजे आपण म्युनिक म्हणतो तिथं, तिथंही नाही, मग बर्लिन. गोष्ट एवढीच, पण मी प्रत्येक वाक्यावर थांबते आणि चारी बाजूंनी प्रश्न विचारते. मुलीला भूक आहे? हो. मुलीला भूक आहे की तहान? भूक. मुलीला तहान आहे? नाही, भूक आहे. कोणाला भूक आहे? इथं मागच्या बाकावरून हमखास एक आवाज येतो, इश! म्हणजे मला. दुपारची बॅच असली की सगळीच पोरं इश.

हे करताना "हाट" हा एक शब्द पाच मिनिटांत किती वेळा त्यांच्या कानावर पडला आणि तोंडातून निघाला याचा हिशोब लागत नाही. आणि कोणालाही वाटत नाही की आपण पाठांतर करतोय, कारण सगळ्यांचं लक्ष निलंगा राइस मिळतो का नाही इकडं. एक पोरगा म्हणाला मॅडम बर्लिनमध्ये आमचा एक मित्र गेलाय तो करून देईल, तर त्याला म्हटलं ये पुढं, सांग जर्मनमध्ये, आणि त्यानं तीन शब्दांत सांगितलं की. माइन फ्रॉइंड कान. माझा मित्र करू शकतो. व्याकरणाच्या पुस्तकात हे वाक्य अर्धवट म्हणतील, मला चाललं.

आता या बारक्या शब्दांना पाठ करायला सोपे समजू नका, हेच सगळ्यात अवघड असतात. श्मेटरलिंग लांबलचक आहे पण त्याचा अर्थ एकच, फुलपाखरू, विषय संपला. हाबेन बघा, गोष्टीतलं हाट हे त्याचंच रूप. याला मराठीत शब्दच नाही. आपण म्हणतो मला दोन भाऊ आहेत, माझ्याकडे गाडी आहे, मला ताप आहे, मला वेळ नाही, मला भूक लागली. कुठं मला, कुठं माझ्याकडे, कुठं लागली. जर्मन माणूस या सगळ्याला हाबेनच लावतो, भाऊही त्याच्याकडे असतात, तापही त्याच्याकडे असतो, भूकही. पोरं सुरुवातीला मराठीतून उचलून "मला"चं जर्मन शोधत बसतात आणि "आहे"ला इस्ट लावतात, मग जे वाक्य तयार होतं ते ऐकून जर्मन माणूस नम्रपणे हसेल फक्त. म्हणून हाबेनचा मराठी अर्थ मी फळ्यावर लिहीतच नाही. आधी भूक, मग ताप, मग भाऊ, मग गाडी, एकेक वाक्य अख्खं, ते कानात बसलं की मग पोरंच विचारतात, मॅडम हे सगळीकडं हाबंच का येलालंय? मग सांगायचं. तोपर्यंत नाही.

एस गिब्टची तर मजाच. गेबेन म्हणजे देणे हे कोणीतरी ॲपवर बघून आलेलं असतं, मग प्रश्न ठरलेला, "देतं म्हणजे, कोण देतं?" कोणी देत नाही बाबा, ते तसंच आहे, इथं मिळतं, इथं असतं, पुढं चला. काही गोष्टींना पुढं चला हेच उत्तर असतं.

आणि जे मराठीमुळं सोपं जातं तेही सांगते. इंग्रजी मीडियमवाल्यांना जर्मनची तीन लिंगं बघून घाम फुटतो, आपल्याला तो, ती, ते जन्मापासून आहे, वस्तूला लिंग असतं याचं नवल वाटत नाही. जुळत मात्र नाहीत, चमचा पुल्लिंगी दोन्हीकडे, काटा आपल्याकडे पुल्लिंगी त्यांच्याकडे स्त्रीलिंगी, सुरी आपल्याकडे स्त्रीलिंगी आणि त्यांच्याकडे नपुंसकलिंगी. त्यावर एक दिवस हसून घ्यायचं.

काट्यावरून आठवलं. १९५० च्या दशकात फ्रान्समध्ये गूजनाइम वगैरे मंडळींनी फ्रेंच शिकवण्यासाठी शब्द निवडायला घेतले, पण त्यांनी पुस्तकं नाही मोजली, माणसांचं बोलणं टेपवर रेकॉर्ड केलं आणि ते मोजलं. त्यांना वाटलं आता खरी यादी मिळणार. मिळाली, पण तिच्यात काट्यासारखे रोजचे शब्द वर येईनात. फ्रेंच माणूस रोज काट्यानं जेवतो पण काट्याविषयी बोलतो कशाला? मग त्यांनी दुसरी युक्ती केली, शाळेतल्या पोरांना विषय दिले, स्वयंपाकघर म्हटल्यावर काय आठवतं ते लिहा, कपडे म्हटल्यावर काय आठवतं ते लिहा. तिथं काटा लगेच आला. म्हणजे काही शब्द असे की मोजमापात कधीच वर येणार नाहीत पण गरज पडली की लगेच लागतात, डोक्यात हजर पाहिजेत. त्यांनी त्यांना नावही तसंच दिलं, हजर शब्द, उपलब्ध शब्द असं काहीसं, आणि यादीत घातले.

मला वाटतं शब्द शिकवणाऱ्या प्रत्येकानं ही काट्याची गोष्ट लक्षात ठेवावी, कारण वारंवारतेची यादी हातात आली की माणूस तिला धर्मग्रंथ समजायला लागतो. माझ्या नर्सिंगच्या मुलींना ताप, दुखणं, गोळी, पलंग, लघवी हे शब्द पहिल्या महिन्यात लागतात. सर्वसाधारण जर्मन मजकुरात लघवी कितव्या नंबरवर असेल देव जाणे. म्हणून क्रियापदं यादीतून आणि नावं पोरांकडून, हा माझा नियम. प्रत्येकानं आठवड्याला स्वतःच्या कामाचे पाच-सहा शब्द आणायचे, वेल्डरनं वेल्डिंगचे, नर्सनं वॉर्डातले, आणि ते आपल्या त्या आठ-दहा क्रियापदांत घालून दाखवायचे. पेशंटला ताप आहे. पेशंटला पाणी पाहिजे. पेशंट जाऊ शकत नाही. बघा, क्रियापदं तीच, निलंगा राइसवालीच. दुसऱ्याचे शब्द पाठ करायची सक्ती नाही, पण वेल्डरच्या पोराला फीबर म्हणजे ताप आणि श्मेर्त्सेन म्हणजे दुखणं आपोआप येतं कारण शेजारच्या बाकावरची रोज तेच बोलत असते.

रंग, वार, फळं एकदम का घेत नाही याचं अजून एक कारण आहे आणि हे तपासून बघितलेलं आहे, टिंकहॅम आणि वॉरिंग या दोघांनी १९९० च्या दशकात प्रयोग केले, एकाच गटातले शब्द एकदम नवीन शिकवले तर ते एकमेकांत मिसळतात आणि वेगवेगळ्या विषयांतले शिकवले तर लवकर बसतात. प्रयोग नसते तरी मी शपथेवर सांगितलं असतं. डीन्स्टाग म्हणजे मंगळवार आणि डोनर्स्टाग म्हणजे गुरुवार, दोन्ही ड वरून, दोन्ही एकाच दिवशी शिकवले, की वर्षभर पोरगं मंगळवारच्या परीक्षेला गुरुवारी उभं. डावं-उजवंही तसंच. आता मी उजवं शिकवते, आठवडाभर सगळं उजवीकडंच असतं, बँक उजवीकडे, दवाखाना उजवीकडे, पोरं कंटाळून म्हणतात मॅडम डावीकडं काहीच नाही का या गावात, तेव्हा डावं काढायचं.

पाठांतराविषयी मात्र माझं मत आजकालच्या फॅशनपेक्षा वेगळं आहे. पाठांतर वाईट असं लातूरमध्ये राहून मी कशी म्हणू, इथं तर लातूर पॅटर्नच त्याच्यावर उभा राहिला, सराव, टेस्ट, पुन्हा सराव, पुन्हा टेस्ट. पोरांना बसून घोटायची सवय आहे ही माझ्यासाठी आयती चालून आलेली गोष्ट आहे. फक्त घोटायचं कधी हे बदलावं लागतं. रात्री बसून ५० शब्द केले, सकाळी टेस्टमध्ये ५० पैकी ४८, आणि पुढच्या सोमवारी विचारलं तर निम्मे गायब. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं हे १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की विसरणं सुरुवातीला फार वेगानं होतं आणि मधे मधे अंतर ठेवून उजळणी केली तर टिकतं. आणि लाइटनर नावाच्या दुसऱ्या एकानं १९७२ मध्ये त्यावर साधी पेटी सुचवली, कप्पे पाडलेली. आला तो शब्द पुढच्या कप्प्यात, म्हणजे उशिरा विचारायचा, चुकला तो परत पहिल्या कप्प्यात. आमच्या वर्गात बुटाच्या खोक्यात पुठ्ठे लावून केलेल्या पेट्या आहेत, मोबाईलवर ॲप आहे तेही चालतं, पण खोक्याचा फायदा असा की त्याच्यावर रील येत नाही. कार्डावर मी एकटा शब्द लिहू देत नाही, छोटं वाक्यच. इश हाबं काइनं त्साइट, माझ्याकडे वेळ नाही. हे कार्ड सगळ्यांचं लवकर पाठ होतं, का कोण जाणे.

पालकांना हे पटवणं जास्त अवघड. महिना झाला की फोन, "मॅडम, शब्द किती झाले?" जर्मनच्या परीक्षा घेणाऱ्या ग्योथं इन्स्टिट्यूटच्या ए-वनच्या, म्हणजे सगळ्यात पहिल्या पातळीच्या, यादीत साधारण ६५० शब्द आहेत (पुढं ए-टू, बी-वन, बी-टू अशा पातळ्या चढत जातात), हे त्यांना कोणीतरी सांगितलेलं असतं, मग ६५० भागिले ३० असा हिशोब सरळ. वरून एजंट लोकांच्या जाहिराती, तीन महिन्यांत बी-वन, नोकरीची गॅरंटी. नर्सला तिकडं कामाची पूर्ण मान्यता घ्यायची तर बहुतेक ठिकाणी बी-टू लागतं, आणि शून्यापासून तिथपर्यंत जायला पोरीची कितीही तयारी असली तरी वेळ लागतो तो लागतो. त्या पालकांना मी म्हणते, काका, पोरीला फोनवर द्या आणि तिला म्हणा जर्मनमध्ये दोन मिनिटं बोल, अडखळली तरी चालेल. ती बोलते. काकांना काही कळत नाही पण दोन मिनिटं थांबली नाही हे कळतं, आणि मग शब्द किती हा प्रश्न पुढच्या महिन्यावर जातो.

उलट बाजूही सांगायला पाहिजे, नाहीतर कोणी म्हणेल ही बाई आठ-दहा क्रियापदांवर जर्मनीला पाठवते. नाही. न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी इंग्रजीचा हिशोब मांडलाय, सगळ्यात जास्त लागणारे २००० शब्द, म्हणजे एका शब्दाची सगळी रूपं धरून एक असे, घेतले तर साधारण मजकुराचा ८० टक्क्यांच्या आसपास भाग कळतो. ऐकायला भारी वाटतं. पण ८० टक्के म्हणजे दर पाचवा शब्द माहीत नाही, अशा अवस्थेत पेपर वाचून बघा, काहीही कळत नाही, ती पहिल्या दिवशीची खोडलेली सोयाबीनची बातमी आठवा, फक्त या वेळी सोयाबीन आणि हमीभाव खोडलाय आणि आहे-नाही शिल्लक आहे. मदतीशिवाय आरामात वाचायचं तर आठ-नऊ हजार शब्द लागतात असं त्यांनीच २००६ मध्ये मांडलं. म्हणजे बारक्या शब्दांची मेहनत ही बोलायला सुरुवात करण्यासाठी, घाबरून गप्प बसू नये म्हणून. पुढचे हजारो शब्द वाचनातून, ऐकण्यातून आणि कामावर रोज राबून येतात, ते कोणी वर्गात बसून भरवू शकत नाही आणि जो भरवतो म्हणतो त्याच्यापासून लांब राहा.

या बॅचला एक बदल केला. भूतकाळ पुस्तकात बराच पुढं येतो, त्यातही आधी लांबलचक रूपं. पण वार म्हणजे होतो आणि हाटं म्हणजे माझ्याकडे होतं, हे दोन शब्द जर्मन बोलण्यात इतके येतात की त्यांना पुस्तकाची वाट बघायला लावणं मला पटत नव्हतं. शिवाय वर्गात गरजही रोजची, काल का आला नाहीस? म्हणून दुसऱ्याच आठवड्यात घेतले. गेस्टर्न वार इश क्रांक, काल मी आजारी होतो, हे वाक्य वर्गात वाऱ्यासारखं पसरलं. ऑक्टोबरमध्ये तर एका सोमवारी निम्मा वर्ग रिकामा आणि मंगळवारी सगळेच क्रांक. म्हटलं अरे खरं सांगा, तर रेणापूरकडचा एक उठला, "मॅडम, आजारी कुठलं, सोयाबीनची रास होती, पाऊस येईल म्हणून सगळेच रानात. राशीला काय म्हणतेत ते सांगा की." रास म्हणजे मळणी, तिच्या नेमक्या शब्दात शिरले नाही, एर्न्टं म्हणजे सुगी, त्यावर भागवलं. वीर हाटन एर्न्टं. तो शब्द ए-वनच्या वह्यांत कोणी लिहीत नाही, पण आता माझ्या वर्गात श्मेटरलिंगच्या आधी एर्न्टं येतं, आणि दिवाळीपर्यंत तेच कारण चालणार हे मला माहीत आहे.